खोगिरातली गाठ

तोमिल्योने, आमच्या घोड्याने, माझ्या नवऱ्याला तिसऱ्यांदा पाडलं तो रविवार होता. चर्चमधली प्रार्थना संपवून लोक नुकते बाहेर आले होते, समोरच्या बारमध्ये कॉफीचे पेले वाजत होते, आणि एवारिस्तो, पंचक्रोशीत ज्याच्या खोगिरांचं नाव घेतात तो उस्ताद, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, कडक इस्त्रीचं जाकीट घालून भर चौकात पालथा पडला. हसलं कोणी नाही. हसले असते तर बरं झालं असतं. दोघाजणांनी त्याला उठवलं, एकाने टोपी झटकून हातात दिली, आणि सगळे असे हळू आवाजात बोलायला लागले, जसं काही कोणी गेलंच आहे.

घोडा लगाम लोंबवत आमच्या गल्लीकडे आपला आपण निघून आला. मी दारातच होते. त्याचे कान मागे चिकटलेले, नाकपुड्या फुगलेल्या, पोट लोहाराच्या भात्यासारखं हलत होतं. मी त्याला आत घेतलं, फाटक लावलं आणि खोगिराचा पोटाखालचा पट्टा, तंग, सोडला. तंग सोडताना तो मला चावायला फिरला. सात वर्षांत तोमिल्यो मला कधी चावला नव्हता.

मग एवारिस्तो आला. पँट गुडघ्यावर फाटलेली. माझ्याकडे न बघता त्याने भिंतीवरचा जाड पट्टा काढला आणि घोड्याला झोडायला सुरुवात केली. तोंडाने शब्द नाही. नुसता पट्टा. घोडा दोरीला हिसके देत होता, फरशीवर नाल घसरून ठिणग्या उडत होत्या. मी दोनदा ओरडले, "पुरे! एवारिस्तो, पुरे!" त्याला ऐकू गेलं नाही. मग मी धुण्याची बादली उचलली आणि साबणाच्या पाण्यासकट त्याच्या अंगावर रिकामी केली.

तो थांबला. जाकिटातून पाणी गळत होतं.

"वेडी झालीस का तू?"

"मी? मी वेडी? तू त्या जनावराला का मारतोयस ते तुला माहितेय का?"

"गावासमोर माझी इज्जत काढली त्याने."

"इज्जत तुझी तूच काढतोयस. आत जा आणि कपडे बदल."

तो आत गेला. मी रिकामी बादली फरशीवर आपटली. भीतीने नाही. रागाने. आणि खरं सांगायचं तर तो राग फक्त त्याच्यावर नव्हता. का मारतोय ते मला माहीत होतं. सहा महिने माहीत होतं, आणि मी तोंडाला कुलूप लावून बसले होते.

आधीचं सांगते.

आमच्याकडे खोगीर हाताने भरतात. लाकडी सांगाडा, वर कातडं, त्यावर मेंढीची लोकर, आणि खाली घोड्याच्या पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना दोन गाद्या. त्या गाद्यांत धान्याचं लांब, न मोडलेलं वाळकं काड मूठमूठ घालून लोखंडी सळईने ठासायचं. भरती सगळीकडे सारखी हवी. कुठे पोकळ राहिली किंवा कुठे गाठ झाली, की बसणाऱ्याचं सगळं वजन त्या एका जागी घोड्याच्या मांसात रुततं. घोडा बोलू शकत नाही. तो कान मागे घेतो, शेपूट आपटतो, तंग आवळताना चावायला येतो. तेवढ्याने कोणी ऐकलं नाही तर दुगाण्या झाडतो.

एवारिस्तो डावरा. सळई डाव्या हातात, आणि उजवा तळवा गादीवर बाहेरून फिरत असायचा. काम डावा हात करायचा, पण बघायचा तो उजवा. लग्न झालं तेव्हा मी त्याला विचारलं होतं, "इतकं काय चाचपतोस?" तो म्हणाला होता, "इथे एक काडी आडवी गेलीय, ती शोधतोय." आणि खरंच त्याने ती काडी काढून दाखवली होती. मी बावीस वर्षांची होते. त्या हातावर मी जीव टाकला.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात जेवता जेवता त्याच्या हातातला चमचा पडला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. वेल्वा शहरातल्या इस्पितळात तीन आठवडे काढले. बोलणं परत आलं, पाय परत आला, उजव्या हाताची पकडही आली. सगळं गाव म्हणालं, देवाची कृपा, कामाचा हात वाचला. एवारिस्तोही हेच म्हणायचा. परत आल्यावर महिन्याभरात तो कामाला बसला.

एका सकाळी मी कॉफीचं भांडं चुलीवरून उतरवून ठेवलं होतं. त्याने ते उजव्या हाताने धरलं. दांडीला नाही, पार खालून, तापल्या पत्र्याला. आणि धरूनच ठेवलं. माझ्याशी शेजाऱ्याच्या डाळिंबाच्या झाडाविषयी बोलत राहिला. मला कातडी जळल्याचा वास आला तेव्हा मी भांडं हिसकावून घेतलं. त्याने तळव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "कोणाला सांगू नकोस."

मी नाही सांगितलं. लोकरीची अस्तरं शिवायचं काम माझं. मी त्याच्यासमोर बाकावर बसून शिवत राहिले, आणि तो मेल्या तळव्याने गाद्या चाचपत राहिला. एकामागून एक खोगिरं गावात जात राहिली.

फेब्रुवारीत त्याने स्वतःसाठी खोगीर बनवून पूर्ण केलं. वीस वर्षांत पहिल्यांदा. मला वाटतं त्याला स्वतःलाच काहीतरी सिद्ध करून दाखवायचं होतं. दिसायला ते अप्रतिम झालं होतं. ते तोमिल्योवर चढलं आणि पंधरा दिवसांत तो घोडा बदलला. तंग बघितला की पोट फुगवायचा, चावायला यायचा. डावीकडे वळवलं की पाठ वाकवून उसळायचा. एवारिस्तोने काय काय नाही केलं! कडक लगाम आणला. तोंड आवळून बांधलं. सातूचा खुराक तोडला. दात तपासून घेतले. नवे नाल ठोकून घेतले. शेवटी चाबूक. खोगीर सोडून सगळं.

नालबंद निकासिओ आमचा जुना माणूस, एवारिस्तोबरोबर शाळेत होता. मे महिन्यात तो खुर बघायला आला. चारही पाय बघून झाल्यावर त्याने घोड्याच्या डाव्या खांद्यामागे, पाठीवर दोन बोटं ठेवली आणि हलकेच दाबली. घोडा खाली बसतो की काय, इतका दबला. निकासिओने माझ्याकडे बघितलं. मी नजर फिरवली.

"पायांना काही नाही झालं याच्या," निकासिओ म्हणाला. "एवारिस्तो, राग मानू नकोस, पण त्या खोगिराची डावी गादी एकदा..."

"काय म्हणालास?"

"बघून घे म्हणतोय. बघायला काय जातं?"

"चाळीस वर्षं मी खोगिरं भरतोय. आणि तू मला खोगीर शिकवणार? तू? खिळे ठोक तू तुझे."

"अरे, मित्र म्हणून..."

"फाटक उघडंच आहे."

निकासिओ आपली हत्यारं गोळा करून गेला. परत आला नाही. नंतरचे नाल बाहेरच्या माणसाने ठोकले.

तर त्या रविवारी एवारिस्तो ओले कपडे बदलून पडला आणि त्याला झोप लागली. ऑगस्टची दुपार, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मी अंगणात गेले. घोड्याची पाठ घामाने चिंब होती, आणि त्या चिंब पाठीत डाव्या खांद्यामागे एक तळहाताएवढा तुकडा कोरडा ठणठणीत. जिथे दाब फार पडतो तिथे घामच फुटत नाही. आणि कडेला केस पांढरे होऊ लागले होते. मी बोट लावलं तर त्याने मान वळवली. चावला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला.

मी खोगीर कामाच्या खोलीत नेलं, बाकावर उलटं टाकलं, अर्धचंद्राची सुरी घेतली आणि डाव्या गादीची शिवण उसवली. टाके माझेच होते, पटापट सुटले. काड उपसत गेले. चार बोटं आत गेल्यावर ती हाताला लागली. काड मोडून, वळून, एकमेकांत अडकून झालेली गाठ. अक्रोडापेक्षा मोठी. दगडासारखी. तिच्यामागे अजून एक.

"काय करतेयस?"

तो दारात उभा होता, अनवाणी.

"बघतेय."

"माझं खोगीर फाडलंस तू." आवाज अगदी हळू होता. मग तो वाढत गेला. "माझं खोगीर! ज्याच्यावर मी तीन महिने... तुला कोणी अधिकार दिला? शिवणं तेवढं तुझं काम! शिवणं!"

"हे घे." मी गाठ बाकावर आपटली. "ही तुझी तीन महिन्यांची कमाई."

"अशा गाठी वापरून होतात."

"सहा महिन्यांत? कोणाला सांगतोयस? मी काय कालची आलेय?"

"घोडा वाकड्या चालीचा आहे. त्याच्या चालीने भरती सरकली."

"बस इथे."

"मी बसणार नाही."

"बस म्हणते ना!"

असा आवाज मी आयुष्यात काढला नव्हता. तो बसला. मी त्याचा उजवा हात ओढून बाकावर ठेवला, तळवा वर. माझ्यासमोर शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान होतं, ऑलिव्हच्या दोन बिया होत्या, सकाळी निवडलेल्या हरभऱ्यातले चार दाणे होते.

"डोळे मीट."

"हा काय पोरखेळ आहे?"

"मीट."

मी ऑलिव्हची बी तळव्यावर ठेवली आणि त्याची बोटं मिटवली. "काय आहे?"

त्याने बोटं आतल्या आत फिरवली. कपाळावर घाम. "अंगुस्तान."

मी बी काढून घेतली. त्याची बोटं परत मिटवली. आत काहीच नव्हतं.

"आता?"

त्याने मूठ हलकेच आवळली, सोडली, पुन्हा आवळली.

"हरभरा," तो म्हणाला.

मग त्याने डोळे उघडले आणि मूठ उघडली.

त्यानंतर त्याने जे केलं ते मी विसरणार नाही. रडला नाही तो. त्याने मला शिव्या दिल्या. मी, माझी आई, माझं घराणं, मी आणलेलं दुर्दैव, सगळं काढलं. हाताला लागेल ते भिरकावलं. डिंकाचं मडकं भिंतीवर फुटलं. आणि मीही गप्प बसले नाही. एकोणचाळीस वर्षांचं जे जे साठलं होतं ते मी त्या खोलीत ओतलं. गल्लीतल्या खिडक्या एकेक करून उघडल्या असतील, उघडू देत. शेवटी मी म्हणाले, "आणि कानेला? तिचं काय?"

तो एकदम थांबला. मग टोपी घेऊन बाहेर पडला.

कानेला ही ओब्दुलियाची घोडी. आमच्या गल्लीच्या टोकाला ओब्दुलियाची पावाची भट्टी आहे. नवरा गेल्यावर त्याची ती दालचिनी रंगाची घोडी तिने अकरा वर्षं सांभाळली. भट्टी विझली की रोज संध्याकाळी घोडीवर बसून दलदलीच्या काठाने एक फेरी. एवढीच त्या बाईची चैन. जुनं खोगीर मोडकळीला आलं म्हणून तिने आमच्याकडून नवं घेतलं, एवारिस्तो इस्पितळातून आल्यानंतर. चार महिन्यांनी ती दुकानात आली. शनिवार होता, गुराखी, घोडेवाले, सगळे आपापले पट्टे दुरुस्तीला घेऊन जमलेले.

"उस्ताद, घोडी तंग आवळू देत नाही हो. आधी कधी असं नव्हतं. खोगीर जरा बघता का?"

एवारिस्तोने डोकंही वर केलं नव्हतं. "खोगीर ठीक आहे. घोडी लाडावलीय. साखर कमी चारा आणि चाबूक जास्त. जमत नसेल तर विकून टाका, बाई. घोडा म्हणजे पावाची कणीक नाही, हाताने थापटली की फुगली."

सगळे खो खो हसले होते. ओब्दुलिया लालबुंद होऊन निघून गेली. आणि मी बाकावर बसून लोकर शिवत होते. एक टाका चुकवला नाही मी.

पुढे कानेलाने तिला कालव्याच्या वळणावर फेकलं. गळ्याजवळचं हाड मोडलं. बरी झाल्यावर तिने चाबूक वापरून पाहिला, मग नाद सोडला. उसळणारी घोडी कोण विकत घेणार? मांसाचा व्यापारी घेऊन गेला.

एवारिस्तो त्या दिवशी संध्याकाळी परतला. तीन दिवस आम्ही एका घरात दोन परक्या माणसांसारखे वावरलो. मी टेबलावर जेवण ठेवायची, तो उभ्याने दोन घास खायचा. घोड्याजवळ गेला नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी पाव भाजून त्यावर तेल घालत होते. तो बसला आणि म्हणाला, "अकरा."

"काय अकरा?"

"त्या आजारानंतर केलेली खोगिरं. माझं धरून. सगळी पाठ आहेत मला." त्याने एकेक नाव घेतलं, घोड्याच्या रंगासकट. "परत मागवतो. उसवून बघू."

"ओब्दुलियाचं नाव नाही घेतलंस."

"तिची घोडी राहिली नाही. आता जाऊन काय सांगू?"

"तेच सांग."

"तिला बरं वाटावं म्हणून?"

"नाही. बरं वाटणार नाहीच तिला. तिला खरं कळावं म्हणून. ती बाई आजही समजते की चूक तिची आणि घोडीची होती."

"तू येशील?"

"येईन. पण बोलणार तू."

आम्ही गेलो तेव्हा ओब्दुलिया लाकडी फावड्याने भट्टीतून पाव काढत होती. हातांवर कोपरापर्यंत पीठ. एवारिस्तोने टोपी काढली आणि सगळं सांगितलं. आजार, तळवा, गाठी. आडपडदा ठेवला नाही, हे त्याचं मी मानते. फक्त शेवटी म्हणाला, "माझ्या हाताने दगा दिला."

ती फावडं भिंतीला टेकवून ऐकत होती. तोंडावरची रेषही हलली नाही.

"हाताने?" ती म्हणाली. "हात आजारी होता उस्ताद. हाताला कोण बोल लावतंय? जीभ तर धडधाकट होती ना तुमची?"

एवारिस्तोने टोपी दुसऱ्या हातात घेतली.

"मी म्हटलं होतं, खोगीर बघा. एवढंच म्हटलं होतं. उलटं करून बघायला किती वेळ लागला असता? तुम्ही मला कणीक म्हणालात. आणि मी तुमचं ऐकलं, कारण तुम्ही उस्ताद! मी तिला चाबकाने मारलं. जिला माझ्या नवऱ्याने बोट लावलं नव्हतं तिला मी मारलं, तुमच्या शब्दावर. ट्रक आला तेव्हा ती माझ्यामागून आपली आपण फळीवर चढली. ओढावं लागलं नाही. मी पुढे होते ना!" तिचा आवाज फाटला. "मी पुढे होते म्हणून चढली ती!"

"ओब्दुलिया..." मी म्हणाले.

ती माझ्याकडे वळली. "आणि तू? तू तिथेच बसली होतीस, कासिल्दा. सुई हातात धरून. तुला माहीत होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "हो," मी म्हणाले. "हाताचं माहीत होतं."

"मग याच्यापेक्षा तू वाईट. याला निदान लाज वाटत होती म्हणून लपवत होता. तुझं काय जात होतं?"

मला राग आला. हे सांगायला हवं. अपराधी वाटायच्या आधी मला संताप आला, की मीच याला इथे आणलं, मीच गाठ काढली आणि बोलणी मलाच. तोंडात शब्द आला होता. मग तिच्या पिठाच्या हातांकडे लक्ष गेलं, आणि तो शब्द मी गिळला.

"माफी नको मला," ओब्दुलिया म्हणाली. "शनिवारी मी खोगीर घेऊन येते. जिथे तू मला बोललास तिथेच, त्याच लोकांसमोर ते उघड. आणि जे आहे ते मोठ्याने सांग. आता निघा दोघंही, माझा पाव करपतोय."

'तुम्ही' कधी गेलं आणि 'तू' कधी आलं ते तिलाही कळलं नसावं.

शनिवारी एवारिस्तो पहाटेच उठला. दाढी केली. मला वाटलं होतं तो काहीतरी कारण काढेल. दहाच्या सुमाराला दुकान भरलं. ओब्दुलिया खोगीर कडेवर घेऊन आली आणि बाकावर टाकलं. निकासिओही मागे येऊन उभा राहिला, त्याला कोणी सांगितलं कोण जाणे.

एवारिस्तोने डाव्या हातात सुरी घेतली आणि गादी उसवली. काड बाहेर काढलं. उजव्या बाजूच्या गादीत, मागच्या अंगाला, गाठ निघाली. तोमिल्योच्या खोगिरातलीपेक्षा लहान होती. पण होती. ती त्याने वर धरली.

"गेल्या वर्षी या बाई इथे आल्या होत्या," तो म्हणाला. आवाज खरखरत होता. "खोगीर बघा म्हणाल्या. मी बघितलं नाही. घोडीला नावं ठेवली, यांना नावं ठेवली. तुम्ही हसलात. घोडी चांगली होती. खोगीर खराब होतं, आणि ते मी भरलं होतं. माझ्या उजव्या हाताला काही लागत नाही. दोन वर्षं झाली. ज्यांनी माझ्याकडून या दोन वर्षांत खोगीर नेलंय त्यांनी ते घेऊन यावं."

कोणीतरी खोकलं. एक गुराखी, ओब्दुलियावर सगळ्यात मोठ्याने हसलेला, आपल्या बुटांकडे बघत होता. दुसरा एकजण कुजबुजला, "म्हणजे माझा काळा घोडा..." आणि तसाच बाहेर पळाला.

ओब्दुलियाने ती गाठ एवारिस्तोच्या हातातून घेतली, एप्रनच्या खिशात टाकली आणि निघाली. दारात थांबून म्हणाली, "खोगीर ठेवा तुमचं." ती आमच्याशी परत बोललेली नाही. पाव मी आता पलीकडच्या गल्लीतून आणते. एवारिस्तोने एकदा तिच्या दाराशी एक शिंगरू नेऊन बांधायची गोष्ट काढली होती. मी म्हटलं, खबरदार. एका जिवाच्या जागी दुसरा आणून ठेवला की तुझं ओझं उतरेल, तिचं नाही.

दहापैकी सात खोगिरं परत आली. चारांमध्ये गाठी होत्या, दोनांत पोकळी, एक अगदी ठीक होतं. आता भरती मी करते. एवारिस्तो समोर बसून काड निवडतो, सांगाडा तासतो आणि माझ्यावर ओरडतो.

"खांद्याजवळ कमी! खांद्याजवळ कमी भर, किती वेळा सांगू? घोड्याचा खांदा हलतो तिथे!"

"हात माझा आहे, मला कळतंय."

"काय कळतंय? अस्वलासारखी ठासतेयस!"

"मग तू ठास."

यावर तो पुन्हा काड निवडायला लागतो. मग मी त्याला विचारते, आणि तो सांगतो. मी हाताला लागतं ते बोलत जाते, "इथे मऊ, इथे टणक, इथे काहीतरी आडवं आहे," आणि तो डोळे मिटून ऐकतो. माझा तळवा त्याच्याइतका बारीक नाही. कधी होणारही नाही, मी एकसष्ट वर्षांची आहे. पण मेलेला नाही.

तोमिल्योची गोष्ट मात्र अशी चटकन सुटली नाही. एवारिस्तोला वाटलं होतं, नवी भरती केली की घोडा दुसऱ्या दिवशी पहिल्यासारखा होईल. मी भरलेलं खोगीर घेऊन तो अंगणात गेला, आणि घोड्याने ते दुरून बघूनच भिंतीला पाठ लावली आणि दुगाणी झाडली. एवारिस्तो भडकला.

"आता काय झालं याला? आता तर काही दुखत नाही!"

"तुला कसं माहीत? सहा महिने दुखलंय ते तो एका दिवसात विसरेल? वर तू त्याला मारलंयस. तू माझ्यावर हात उगारला असतास तर मी विसरले असते?"

निकासिओने येऊन पाठ बघितली. सूज उतरेपर्यंत दोन महिने पाठीवर काही टाकायचं नाही म्हणाला. एवारिस्तो आणि तो एकमेकांशी फार बोलले नाहीत. एवारिस्तोने त्याला वाईन ओतून दिली, त्याने ती प्यायली, आणि जाताना म्हणाला, "खिळे ठोकायला पुढच्या मंगळवारी येतो." एवढ्यावर त्यांचं मिटलं. पुरुषांचं बरं असतं.

दोन महिने मी घोड्याला नुसती दोरी धरून कालव्यापर्यंत फिरवलं. मग पाठीवर एक घडी घातलेलं कापड. त्याने कान मागे घेतले की तिथेच थांबायचं, कापड काढायचं, चालायला लागायचं. मग कापडावरून सैल पट्टा. घोड्याने तोंड फिरवायच्या आधी पट्टा सोडायचा. आधी, नंतर नाही. फिरवल्यावर सोडला तर तो चावायला शिकतो. फिरवायच्या आधी सोडला तर त्याला कळतं की आपलं ऐकतात. एका दिवशी एक भोक वर. काही दिवशी एकही नाही. एवारिस्तो फाटकाला टेकून बघायचा आणि दात खायचा. त्याने जवळ यायचा प्रयत्न केला की घोडा मागचं अंग त्याच्याकडे वळवायचा. सात वर्षं ज्याने वाढवलं त्याला पार्श्वभाग दाखवायचा. मला त्यात जरा समाधान वाटायचं, का खोटं बोलू?

नोव्हेंबरात एवारिस्तोने पहिल्यांदा विचारलं, "मी काय करू?"

"काही नको करूस. तिथे उपड्या बादलीवर बस. हात गुडघ्यावर."

तो रोज बसायला लागला. थंडीत, टोपी कानांवर ओढून. पंधराव्या-सोळाव्या दिवशी घोडा त्याच्यापाशी गेला, त्याचे बूट हुंगले आणि परत फिरला. एवारिस्तो हलला नाही. आत आल्यावर त्याने नाक शिंकरलं, बराच वेळ.

मार्चमध्ये खोगीर चढलं. मी चढवलं, तंग त्याने आवळला, डाव्या हाताने, एक भोक. तोमिल्योचे कान मागे गेले. एवारिस्तोने लगेच सोडला. परत आवळला. कान अर्धे मागे. तिसऱ्यांदा घोड्याने मान वळवून त्याची बाही दातांत धरली. चावला नाही, नुसती धरली, आणि धरून ठेवली.

"काय करू?" एवारिस्तो कुजबुजला.

"उभा राहा. त्याचं काय म्हणणं आहे ते होऊ दे."

घोड्याने बाही सोडली. एवारिस्तोने पाय रिकिबीत घातला आणि म्हाताऱ्या माणसासारखा कण्हत वर बसला. तोमिल्यो ताठ उभा राहिला. मग चार पावलं चालला, फाटकापर्यंत, आणि थांबला. पुढे जाईना. एवारिस्तोच्या टाचा मी बघत होते. जरा हलल्या असत्या तर मी परत बादली उचलली असती.

टाचा हलल्या नाहीत. तो खाली उतरला.

"आज एवढंच," तो म्हणाला. "नाही म्हणतोय तो."

"ऐकू आलं म्हणायचं तुला."

"टोमणे मारू नकोस. तंग सोड त्याचा."

"तूच सोड. तूच आवळलायस."

त्याने सोडला. मी खोगीर उचललं आणि सगळ्यात आधी घोड्याच्या पाठीवर हात फिरवून कुठे दुखतंय का ते बघितलं.